जमिनीचा रकाना

सर चालताना वर बघत नसत. शहरांमधले पक्षी आणि त्यांच्या राहायच्या जागा वाचवण्यासाठी पालिकांना मदत देणारी सरकारी योजना ज्यांच्या टेबलावर होती, त्या माणसाची मान कायम खाली. कार्यालयाच्या फाटकापासून लिफ्टपर्यंत ते फरशी वाचत यायचे. "साहब का कुछ गिर गया है, बीस साल से ढूँढ रहे हैं," असं पानिपत म्हणायचा आणि सर ते ऐकून पुढे जायचे.

पानिपत हे त्या माणसाचं नाव नव्हे. सर सगळ्यांना गावाने हाक मारत. पानिपतहून रोज सकाळच्या गाडीने येणारा आमचा वरिष्ठ सहायक म्हणून पानिपत, शिपाई अल्मोडा, आणि मी मेहकर. "नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, नकाशा राहतो," म्हणायचे. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळ्यांना अहोजाहो.

पानिपतला हे नाव आवडत असावं. नवा मराठी माणूस दिसला की तो हमखास म्हणे, "आपके लोग आए थे हमारे यहाँ. बहुत आए थे. रुक ही गए." सर न हसता फाइलीतून उत्तर देत, "इसीलिए तो आपको रोज़ यहाँ बुलाते हैं. हिसाब बराबर हो रहा है."

मला ती नोकरी सरांमुळे मिळाली आणि सरांमुळेच गेली, असं माझे जुने मित्र अजून म्हणतात. पहिली गोष्ट खरी आहे.

आमची ओळख कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात झाली. स्पर्धा परीक्षेचे माझे सगळे प्रयत्न संपले होते. घरी तसं सांगायचं धाडस नव्हतं. कोणी दिल्लीला आलं की त्यांना भेटायच्या निमित्ताने मी तिथल्या उपाहारगृहात जाऊन पोहे खायचो. रांगेत माझ्यापुढे एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते. ते वळले आणि माझ्या बुटांकडे बघत राहिले. बूट फाटका होता, म्हणून मी पाय मागे घेतला.

"अहो, हलवू नका," ते म्हणाले. "बसथांब्यावरच्या पिंपळाखाली उभे होतात ना?"

मी हो म्हणालो.

"यात पिंपळाच्या बिया आहेत. हरियाल आहे. आपल्या राज्याचा पक्षी तुमच्या बुटावर बसून गेला असं समजा. अभिनंदन." मग थोडं थांबून, "काय शिकलात?"

"भूगोल. एम.ए."

"मग वर कशाला बघत होतात?"

मी कुठे वर बघत होतो, ते मला आजही आठवत नाही. पण महिन्याभराने मी त्यांच्या विभागात कंत्राटी प्रकल्प सहायक होतो. मुलाखतीला इतरही होते, मला कोणी ओळखीने घेतलं नाही. जाहिरात आली आहे हे मात्र त्यांनी मुद्दाम निरोप धाडून कळवलं होतं. माझ्या घराण्यात पहिला पगार मी घेतला. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

त्यांचा सगळा विश्वास जमिनीवर होता. पक्षी कधी असतो, कधी नसतो, आपण बघतो तेव्हा तर हमखास नसतो. विष्ठा, पिसं, घुबडाने ओकून टाकलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या मात्र जागच्या हलत नाहीत. "पक्षी हा साक्षीदार आहे. जमीन हा पुरावा," असं ते प्रशिक्षणाला आलेल्या पालिकेच्या लोकांना सांगायचे, आणि ते लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. स्वतःची स्कूटर ते सावलीतल्या शेडमध्ये न लावता मुद्दाम उंबराखाली लावत आणि संध्याकाळी सीटवर काय पडलंय ते चष्मा वर करून बघत. पूर्ण कार्यालयात त्या स्कूटरला चितकबरी म्हणत.

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आणि काकू राहत. रविवारी मला जेवायला बोलावणं असायचं. पहिल्याच रविवारी काकूंनी मला बजावलं, "यांचा शर्ट खुंटीवरून काढायचा झाला तर खिशात हात घालायचा नाही. मी एकदा तसाच मशीनमध्ये टाकला. काड्यापेटी होती खिशात, आणि त्यात घुबडाची ओकारी. सगळ्या कपड्यांना उंदराचे केस. तेव्हापासून मशीन लावायच्या आधी यांना विचारते, अहो, आज कोण आहे खिशात?"

"पिंगळा होता तो," सर ताटावरून म्हणाले.

"बघा. माझ्या माहेरच्या माणसांची नावं यांना येत नाहीत."

कार्यालयात त्यांच्या खोलीला एसी नव्हता. म्हणजे मंजूर होता, पण एसीसाठी पाडलेल्या भोकात साळुंकीने घर केलं होतं. देखभालवाले आले की सर त्यांना चहा द्यायचे आणि पुढच्या महिन्यात या म्हणायचे. मे महिन्यात त्या खोलीत बसणं म्हणजे शिक्षा होती. मोठे साहेब, म्हणजे सरांच्याही वरचे अधिकारी, म्हणूनच बैठका स्वतःच्या दालनात घेत. "आप लोग तो घोंसले में बैठते हो," असं ते म्हणत, आणि त्यांच्या हसण्यात तेव्हाही थोडी धार असे.

सरांच्या आणखी दोन सवयी सांगतो, कारण पुढे त्यांच्याशी काम आहे.

पालिकांकडून प्रस्ताव आले की त्यात 'सुशोभीकरण' हा शब्द असायचाच. तळ्याला सिमेंटचा काठ, रंगीत दिवे, कारंजं, बाक. सर पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल काढत आणि समासात लिहीत, 'कोणासाठी?' बाकी काही नाही. काही पालिका चिडून प्रस्ताव मागे घेत. काहींना प्रश्न कळायचा, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रस्तावात काठ मातीचा असायचा.

दुसरी सवय टिपणीची. त्यांची टिपणी तीन ओळींची असे. काय पाहिलं, त्याचा अर्थ काय, काय करावं. मी सुरुवातीला दीड पान लिहून नेलं होतं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. "चौथ्या ओळीपासून माणूस सबबी सांगायला लागतो, मेहकर," म्हणाले. "तुम्ही तर तिसाव्या ओळीपर्यंत गेलात."

पाहणीचा त्यांचा स्वतःचा नमुना होता. टंकलिखित, कितव्यांदा तरी झेरॉक्स केलेला. त्याचा पहिला रकाना होता 'जमिनीवर काय दिसले'. झाडं, पक्ष्यांची संख्या, घरटी, हे सगळं त्यानंतर. मी आल्यावर योजना पोर्टलवर गेली आणि नमुना संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. पोर्टलच्या साच्यात नऊ रकाने बसत होते, आमचे दहा होते. मी जमिनीचा रकाना काढून टाकला. जागा नव्हती हे खरं. पण देशभरातले अभियंते तो रकाना वाचून हसतात, आणि आता तो माझ्या हाताने चढणार होता, याचीही मला लाज वाटत होती. सर तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते. परत आल्यावर मी त्यांना नऊ रकान्यांचं पान दाखवलं. त्यांना अक्षरं बारीक दिसत असावीत. "तुम्ही बघितलंत ना? मग झालं," ते म्हणाले.

माझ्यावर इतक्या सहज विश्वास टाकणारे ते पहिले अधिकारी होते.

दिल्लीला लागून असलेल्या एका शहराच्या पालिकेने एका जोहडाचा प्रस्ताव पाठवला होता. जोहड म्हणजे गावतळं. गाव राहिलं नव्हतं, तीन बाजूंना उंच इमारती झाल्या होत्या, चौथ्या बाजूने पानिपतकडे जाणारी रेल्वे. तळ्याच्या मधोमध गाळाचा उंचवटा होता आणि त्यावर वेड्या बाभळीची दाट जाळी. पालिकेला ती बाभळीची जाळी काढून तिथे चौथरा आणि कारंजं करायचं होतं. वेडी बाभूळ परदेशी, बाकीची झाडं मारणारी, हे मी एम.ए.ला शिकलेलो. त्यामुळे प्रस्ताव वाचताना मला तो योग्यच वाटला.

फेब्रुवारीत मी एकटाच पाहणीला गेलो. सरांच्या गुडघ्याला सूज होती. माझी ती पहिली स्वतंत्र पाहणी.

गाडीतून उतरलो आणि थबकलो. फाटकापासून पाण्यापर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना चुना टाकला होता. ताजा, पांढराशुभ्र, सरळ दोन रेघा. पालिकेचा कनिष्ठ अभियंता हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता. "आइए सर," म्हणाला. माझ्या मागे कोणी आहे का, ते मी वळून पाहिलं.

आमच्या मेहकरला कोणी मोठं येणार असलं की रस्त्याला चुना पडायचा. आम्ही पोरं त्या रेघेच्या अलीकडे उभी राहायचो. रेघेच्या पलीकडून मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चाललो. दुपारचा एक वाजला होता. मी काठावरून बेटाचे फोटो काढले. बाभळीत काटक्यांचे पुंजके दिसत होते. "पुराना कचरा है सर, आँधी में अटक गया," अभियंता म्हणाला. बेटावर जायला एक चिंचोळी वाट होती, पण तिथे साप आहेत म्हणाला. बाभळीखालची जमीन पांढरी दिसत होती. बेटावरही चुना टाकलाय, किती केलं या लोकांनी, असं माझ्या मनात आलं. मी वर पाहिलं. एकही पक्षी उडताना दिसला नाही.

घरी येऊन मी पोर्टलवर भरलं. पक्षी, निरंक. घरटी, निरंक. त्यावर सरांची सही झाली आणि 'ना हरकत' गेली.

मार्चचा शेवटचा आठवडा सरकारी कार्यालयात कसा असतो ते सांगायला नको. योजनेतली रक्कम एकतीस तारखेच्या आत खर्ची पडायला हवी होती. माझं कंत्राटही एकतीसलाच संपणार होतं, मुदतवाढीचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. अशा एका सकाळी पानिपत उशिरा आला आणि डबा ठेवता ठेवता म्हणाला, "सर, आज गाड़ी सिग्नल पर रुकी थी. आपके जोहड़ पर जेसीबी उतर रही थी."

"अच्छा," सर म्हणाले. मग मला, "मेहकर, काम सुरू व्हायच्या आधीचा फोटो फाइलला लावून ठेवा. नंतर लेखापरीक्षणवाले मागतात."

मी फोटो संगणकावर उघडला. सर माझ्या खुर्चीमागे आले. चष्मा वर करून ते पडद्याकडे वाकले.

"हे पांढरं काय आहे?"

"चुना, सर. मी येणार म्हणून टाकला होता."

"वाटेवर?"

"हो, दोन्ही बाजूंनी."

"आणि बेटावर?"

"बेटावरही टाकला असेल."

"चुना टाकणारा माणूस पाटी घेऊन चालत जातो. चुना सरळ रेषेत पडतो." त्यांनी पेन्सिल काढली आणि संगणकाच्या काचेवरच गोल काढला. "इथे प्रत्येक झाडाखाली गोल आहे. फांद्या जिथवर, तिथवर. तुमच्यासाठी कोणी फांद्यांच्या मापाने चुना टाकेल का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. गोलच होते.

"रातबगळे," सर म्हणाले. "दिवसभर दाट जाळीत मान पोटात घालून झोपतात. दुपारी एक वाजता ते तुम्हाला कसे दिसणार? तो कचरा नाही, गेल्या वर्षीची घरटी आहेत. याच दिवसांत परत बांधायला घेतात." मग त्यांनी पडद्यावर पुन्हा डोळे बारीक केले. "जमिनीचा रकाना कुठे आहे?"

"मी काढला, सर. जागा नव्हती." आणि मग, "लोक हसत होते."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी टेबलावरची टोपी उचलली. "मेहकर, तुम्ही सरकारी वसतिगृहात होतात ना? तिथे चुना कधी टाकायचे?"

"साहेब तपासणीला येणार असले की."

"आणि साहेब मागच्या बाजूला जायचे का?"

वसतिगृहाच्या मागच्या बाजूला आमची न्हाणीघरं होती. दारं नव्हती, पाणी नव्हतं. तपासणीच्या दिवशी आम्हाला पुऱ्या मिळायच्या आणि साहेब रेघेरेघेने येऊन रेघेरेघेने जायचे. पाच वर्षांत एकही साहेब मागे आला नाही. त्या वसतिगृहामुळे मी शिकलो, त्याचे उपकार मी विसरत नाही. पण तो साहेब मला कायम आठवायचा, आणि मी त्याच्यासारखा कधी होणार नाही हे मी गृहीत धरून चाललो होतो.

चितकबरीवर मागे बसून मी दिल्लीच्या हद्दीबाहेर गेलो. वाटेत सरांनी एकदाच तोंड उघडलं. काम थांबवायचा अधिकार त्यांना नव्हता. ठेका पालिकेचा. जागेवर उभं राहून मौका-मुआयना, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीचा कागद लिहायचा आणि त्यावर पालिकेच्या अभियंत्याची सही घ्यायची. तेवढं झालं तरच 'ना हरकत' मागे घेता येणार होती.

आम्ही पोचलो तेव्हा चिंचोळ्या वाटेवरच्या दोन बाभळी आडव्या झाल्या होत्या. चालक जेवायला उतरला होता म्हणून मशीन बंद होतं. तोच अभियंता धावत आला. सरांनी त्याला नमस्कार केला आणि आडव्या झालेल्या झाडाजवळ उकिडवे बसले. गुडघा दुखत असणार, पण बसले. फांदीत ताज्या काटक्या होत्या, एका काटकीची साल अजून हिरवी होती. पाला, माती, सगळं पांढरं. त्यांनी बोट लावून मला दाखवलं. त्यात माशाचे खवले होते.

"चुन्यात खवले नसतात," ते म्हणाले.

अभियंता माझ्याच वयाचा होता. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "सर, रिपोर्ट तो आप ही लोगों की है. निल लिखा है. ऊपर से रोज़ फ़ोन आ रहा है, इकतीस तक सब चाहिए."

"रिपोर्ट ग़लत है," सर म्हणाले. "इसमें पक्षी हैं. बहुत हैं."

"तो दिखा दीजिए." त्याने एक ढेकूळ उचललं. "एक मारता हूँ. होंगे तो उड़ जाएँगे. मैं अभी साइन कर दूँगा."

सरांनी त्याचा हात धरला. त्यांना कोणाला असं धरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"घर बाँध रहे हैं. मशीन से वैसे ही डरे हुए हैं. अब पत्थर मारोगे तो छोड़ के चले जाएँगे. फिर आपकी रिपोर्ट सही हो जाएगी."

"तो मैं साइन किस पर करूँ, सर? चूने पर?"

"शाम को खुद उठेंगे. दाना-पानी के लिए. पौने सात बजे. तब तक मशीन बंद."

"और नहीं उठे तो?"

"तो मैं खुद चाबी घुमाऊँगा."

अभियंत्याने चालकाकडे पाहिलं. चालकाने खांदे उडवले आणि मशीनच्या सावलीत आडवा झाला. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

ती दुपार मला तासातासाने आठवते. सर झाडाच्या ओंडक्यावर बसून राहिले. त्यांचा फोन खिशात वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. मोठे साहेब होते. सरांनी तो उचलला नाही. चार वाजता माझा फोन वाजला.

"कहाँ हो?" मोठ्या साहेबांचा आवाज शांत होता. "सुना है दोनों वहाँ पिकनिक मना रहे हो. देखो बेटा, तुम्हारा एक्सटेंशन मेरे सामने रखा है. तुम्हारी ही रिपोर्ट है, निल. साइट क्लियर है ना?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते मातीत काडीने काहीतरी कोरत होते.

"सर, अभी देख रहे हैं," मी म्हणालो.

"देखना फ़रवरी में था," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. फेब्रुवारीतच बघायला हवं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही घरी जा हवं तर. सही माझी आहे. तुमचं नाव कुठे आणायची गरज नाही."

"आणि तुमची पेन्शन, सर?"

"चौकशी लागली तर थोडी थांबेल. काकू ओरडतील." त्यांनी आडव्या बाभळीकडे हात केला. "मेहकर, मला सगळे खुळा म्हणतात, मला ठाऊक आहे. मी नुसता खुळा असतो तर आज या पोरांनी मला 'अंकल, साइड हो जाओ' म्हणून बाजूला केलं असतं. योजनेचा कागद आहे म्हणून मशीन बंद आहे. त्या कागदावर खोटं लिहून ठेवायचं नाही. एवढंच तर आहे आपल्याकडे."

मी गेलो नाही. गेलो असतो तर कोणी मला दोष दिला नसता, हेही खरं आहे.

साडेसहाला सूर्य इमारतींमागे गेला. चालक उठून मशीनजवळ उभा राहिला. सहा चाळीस. जाळीत काही हललं नाही. सहा पंचेचाळीस. रुळावरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरला, आणि पुन्हा सगळं शांत. सहा पन्नासला अभियंता घड्याळ बघून म्हणाला, "सर, मैंने बहुत इंतज़ार किया." त्याला खरोखर वाईट वाटत होतं. सकाळच्या मशीनच्या आवाजानेच ते निघून गेले असतील, हे माझ्या मनात आलं. सरांच्याही आलं असावं. ते ओंडक्यावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाले, आणि त्यांनी वर पाहिलं.

मी त्यांना वर बघताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. टोपी मागे सरकली होती, तोंड किंचित उघडं होतं. ते एखाद्या दाराशी उभे असल्यासारखे दिसत होते, आतून कोणी उघडतंय का याची वाट बघत.

जाळीतून एक आवाज आला. घसा खाकरल्यासारखा, एकदाच. मग एक राखाडी, आखूड मानेचा पक्षी वरच्या फांदीवर आला, बसला, आणि संथ पंख मारत आमच्या डोक्यावरून गेला. त्यामागे दुसरा. मग दोन. मग जाळीच बोलायला लागली.

"एक, दो... चार, पाँच..." अभियंता बोट वर करून मोजत होता. तिसाच्या पुढे त्याची मोजणी चुकली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मग सोडून दिली. "ये सब इसी में थे?" तो चालकाला म्हणाला. "सारा दिन?"

चालक म्हणाला, "साहब, सुबह से मेरी मशीन की छत सफ़ेद हो रही थी. मैंने सोचा ठेकेदार ने पुताई करवा दी."

सर हसले. त्या दिवसातलं ते एकच हसणं.

मोबाइलच्या उजेडात त्यांनी कागद लिहिला. पेनाने, तीन ओळी. बेटावरून रातबगळे उठताना सर्वांनी पाहिले, जमीन विष्ठेने पांढरी आहे आणि घरटी नव्याने बांधली जात आहेत. त्यामुळे माझ्या सहीने गेलेला निरंक अहवाल चुकीचा आहे. 'ना हरकत' मागे घ्यावी, काम आजच थांबवावे. अभियंत्याने कागद दोनदा वाचला. "मुझे भी सुनना पड़ेगा," म्हणाला, आणि सही केली.

सरांनी पेन खिशात ठेवायला घेतलं. मी ते मागितलं.

कागद मशीनच्या लोखंडावर ठेवून मी खाली आणखी एक ओळ लिहिली. तो अहवाल मी भरला होता. मी बेटावर गेलो नाही आणि खाली पाहिले नाही. त्याखाली माझं पूर्ण नाव.

सरांनी कागद उजेडात धरला. ओठ हलवत माझं नाव वाचलं. मला वाटतं, ते त्यांनी त्याआधी कधी नीट वाचलं नसावं.

"चौथी ओळ झाली, सर," मी म्हणालो.

"असू द्या," ते म्हणाले. "ही सबब नाही."

एकतीस तारखेला माझं कंत्राट संपलं आणि पुढे वाढलं नाही. सरांची पेन्शन किती महिने अडकली ते मला पानिपतकडून कळलं, काकूंनी रविवारच्या जेवणात त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. सरोजिनीनगरचं ते क्वार्टर आता पाडलं आहे. दोघं पुण्याला मुलीकडे नवव्या मजल्यावर राहतात. सर फोनवर तक्रार करतात की इतक्या वरून जमीनच दिसत नाही, म्हणून ते दिवसातून चार वेळा लिफ्टने खाली येतात आणि सोसायटीच्या रखवालदाराला वाटतं यांचं काहीतरी हरवलंय.

मी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना भूगोल शिकवतो. लातूर, वाशिम, गडचिरोली, असे गावोगावचे असतात. त्यांना मी गावाने हाक मारतो.

गेल्या हिवाळ्यात पानिपतच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो. मुद्दाम दिवसाची गाडी धरली आणि मुद्दाम वाटेत जोहडाजवळच्या स्टेशनवर उतरलो. रस्त्याच्या बाजूने सिमेंटचा काठ झाला आहे. कारंजं आहे, बंद असतं. सुशोभीकरणाचा मोठा फलक आहे. बेट आहे, आणि त्यावर बाभळी आहेत. दुपारचा एक वाजला होता. जाळीत काहीच हलत नव्हतं.

मी चिंचोळ्या वाटेने बेटावर गेलो आणि खाली पाहिलं. पांढरं होतं, आणि सरळ रेषेत नव्हतं.